पाहुण्यांना पुरणारं घर

श्रावणात नागपंचमी झाली की खानदेशात कानबाई देवीच्या रोटांची तयारी सुरू होते. घर झाडून-पुसून, रंगवून निघतं. सुरतेला, नाशिकला, पुण्याला गेलेले भाऊबंद नागपंचमीनंतरच्या रविवारी मूळ घरी येतात. एका चुलीच्या चार चुली झाल्या असल्या तरी रोट एकत्रच. नंदुरबारच्या जुन्या वस्तीतल्या किंवा शहाद्या-तळोद्याकडच्या धाब्याच्या घरात त्या रात्री चाळीस-पन्नास माणसं आरामात असतात. तिथेच जेवतात, कानबाईचं जागरण करतात, पहाटे तिथेच घटकाभर आडवी होतात. पुढे त्याच कुटुंबानं गावाबाहेरच्या कॉलनीत बंगला बांधला, वीस बाय पंधराचा हॉल काढला, पीओपी केलं, सोफा आणला, की दहा पाहुण्यांतच घर भरून जातं. उकडायला लागतं, कोण काय बोलतंय ते कळत नाही, मिरचीच्या फोडणीनं सगळे खोकतात आणि घरच्या सुनेला कुणाशी दोन शब्द बोलायलाही सवड मिळत नाही.

बांधकामावर खर्च वाढला, जागा वाढली, मग माणसं मावेनाशी का झाली? पाहुण्यारावळ्यांची आवड असलेल्या घरानं आतली सजावट ठरवण्याआधी हे कोडं सोडवायला हवं. रंग, पडदे आणि झुंबर यांचा विचार त्यानंतर.

जमीन कुणाच्या ताब्यात?

जुन्या घराचा हिशेब खणांत व्हायचा. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. घर पाच खणी की सात खणी ते सांगितलं की ऐकणाऱ्याला अंदाज यायचा. खांब, तुळया आणि वरच्या कड्या सागाच्या. सातपुड्यातलं हे लाकूड तळोद्याच्या बाजारात उतरायचं. ब्रिटिश काळातल्या गॅझेटिअरात तळोद्याची नोंद खानदेशातली लाकडाची मुख्य पेठ अशीच आहे. कड्यांवर मातीचा जाड थर, त्यावर पांढरी माती, असं ते धाबं. बाहेरून येताना आधी ओटा, मग ओसरी, मग चौक किंवा माजघर.

अशा ओसरीत उभं राहून नजर फिरवून पाहावी. काळ्या दगडाच्या उथळ्यावर सागाचा खांब उभा आहे आणि बसलेल्या माणसाच्या पाठीच्या उंचीपर्यंत तो टेकून टेकून गुळगुळीत झाला आहे. दीड-दोन फूट जाडीच्या भिंतीत कोनाडे आहेत. त्यात तांब्या, अडकित्ता, पानाचा डबा. वर खुंट्यांना टोप्या आणि पिशव्या. त्याच्याही वर भिंतीच्या कडेनं फळी, फळीवर गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्या. आणि जमिनीवर काहीच नाही. सामान भिंतीनं उचललं आहे, जमीन माणसांसाठी राखून ठेवली आहे.

आता आकडे पाहू. पंगतीत एका माणसाला रुंदीला साधारण २ फूट लागतात. पाट आणि पुढचं ताट मिळून ४ फूट खोली. समोरासमोर दोन पंगती आणि मधे वाढप्यासाठी ३ फुटांची वाट धरली तर एकूण रुंदी ११ फूट होते. वीस फूट लांब जागेत दोन्ही बाजूंना दहा-दहा, म्हणजे २२० चौरस फुटांत २० माणसं जेवतात. माणशी ११ चौरस फूट. जेवण झालं, पाट उचलले, की तीच जागा बैठकीची, नंतर झोपायची.

सहा माणसांचं डायनिंग टेबल ५ बाय ३ फुटांचं धरा. खुर्ची मागे ओढून उठायला चारही बाजूंनी अडीच-तीन फूट सोडावेच लागतात. हिशेब नव्वद चौरस फुटांच्या आसपास जातो, माणशी १५. शिवाय जेवणाची वेळ सोडून उरलेले सगळे तास ही जागा टेबलाच्याच ताब्यात. सोफ्याचंही तेच. तीन आणि दोनचा सेट, मधे टीपॉय, मिळून ऐंशी-शंभर चौरस फूट जातात आणि बसतात पाच. तेवढ्याच जागेत गादी-लोडाच्या बैठकीवर पंधरा माणसं मांडी घालून बसतील.

गुडघे दुखणाऱ्यांचं काय, हा प्रश्न खरा आहे. सगळ्यांनी जमिनीवर बसावं असा माझा आग्रह मुळीच नाही. पण त्यावरचा उपाय आणखी एक सोफा हा नाही. दोन भिंतींना लागून पक्का बाक करावा, १७ इंच उंच आणि २ फूट खोल, काटकोनात वळणारा. त्यावर गादी आणि पाठीला लोड. पोटात झाकणाची पेटी. सतरंज्या, पाट, जादा उशा सगळं तिथे. बारा फूट आणि आठ फुटांच्या दोन बाजू मिळाल्या तर आठ-नऊ वडीलधारी माणसं पाय खाली सोडून बसतात आणि हॉलचा मधला भाग रिकामा राहतो. जेवणासाठी भिंतीला दुमडून बसणारं टेबल मिळतं. रोजच्या चार माणसांना ते पुरतं आणि पाहुणे आले की बाजूला होतं.

चौकट: टेप घेऊन मोजा
पंगतीत माणशी: २ फूट रुंदी, ४ फूट खोली
वाढप्याची वाट: ३ फूट
बाकाची उंची: १६ ते १८ इंच
स्वयंपाकघरात दोन ओट्यांमधली जागा, दोघी पाठमोऱ्या काम करत असतील तर: ४ फूट
चाळीस जणांच्या चपला: २५ ते ३० चौरस फूट

काटकोनाची करामत

बाक काटकोनात का घ्यायचा, यामागे एक छान संशोधन आहे. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या एका रुग्णालयात हंफ्री ऑस्मंड हे मनोविकारतज्ज्ञ होते. वृद्ध स्त्रियांचा तिथला वॉर्ड नव्यानं सजवलेला, लख्ख होता, पण बायका एकमेकींशी बोलतच नव्हत्या. खुर्च्या भिंतीला लागून ओळीनं मांडल्या होत्या. ऑस्मंड यांच्या सांगण्यावरून रॉबर्ट सॉमर या तरुण मानसशास्त्रज्ञानं खुर्च्या लहान टेबलांभोवती मांडल्या. काही आठवड्यांनी मोजलं तेव्हा संभाषणं जवळपास दुप्पट झाली होती. त्याच रुग्णालयाच्या उपाहारगृहातल्या आयताकृती टेबलांवर सॉमर यांनी कोण कुणाशी बोलतं ते टिपलं. टेबलाच्या कोपऱ्याला काटकोनात बसलेली माणसं शेजारी-शेजारी बसलेल्यांच्या दुप्पट बोलत होती, आणि शेजारी बसलेली माणसं समोरासमोर बसलेल्यांच्या तिप्पट.

कारण सोपं आहे. शेजारी बसलं की चेहरा दिसायला मान वळवावी लागते. समोरासमोर बसलं की नजर टाळायला जागा राहत नाही. काटकोनात दोन्ही जमतं. हवं तेव्हा बघायचं, नको तेव्हा सरळ समोर पाहायचं.

अंतराचाही हिशेब आहे. एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं १९६६ च्या पुस्तकात माणसं एकमेकांत किती अंतर राखतात ते मांडलं. जवळच्या ओळखीत दीड ते चार फूट, कामापुरत्या बोलण्यात चार ते बारा. समाज बदलला की हे आकडे बदलतात, हे हॉल यांनीच सांगितलं होतं, आणि आपल्याकडे माणसं याहून जवळच बसतात. आता नव्या हॉलमध्ये काय होतं बघा. एका भिंतीला टीव्ही, समोरच्या भिंतीला सोफा, मधे चौदा फूट. कडेला बसलेला माणूस कुणाच्याच टप्प्यात नाही. तो टीव्ही बघतो किंवा मोबाईल काढतो. जुनी ओसरी खोलीला बेताचीच असायची. भिंतीला टेकलेला माणूस आणि खांबाला टेकलेला माणूस नेहमीच्या आवाजात बोलू शकत.

हॉल मोठा असेल तर त्याची एकच प्रचंड बैठक करू नये. बाकाचा कोपरा एका बाजूला, झोपाळा दुसऱ्या बाजूला, खिडकीच्या उंबऱ्याशी दोघांपुरती जागा. चार-सहा माणसांचे गट आपोआप पडतात.

आवाज कुठे जातो?

वीस माणसं बोलायला लागली की नवा हॉल घुमतो. बोलणाऱ्याचा शब्द सगळीकडे पसरतो आणि टाईल, काच, गिलावा, पीओपी यांवर आपटून परत येतो. हे पृष्ठभाग कठीण आणि गुळगुळीत असल्यानं आवाज जवळजवळ सगळाच परतवतात. हौदात नळ चालू ठेवला आणि खालचं भोक बारीक असलं तर पाणी साठत जातं, तसा खोलीत आवाज साठतो. पहिला शब्द विरायच्या आत दुसरा येतो. मग बोलणारे आवाज चढवतात, शेजारचा गट त्यांच्यावर कडी करतो. गोंगाटात माणूस नकळत मोठ्यानं बोलतो हे एतियेन लोंबार या फ्रेंच डॉक्टरानं १९११ मध्येच दाखवून दिलं होतं.

खोलीत आवाज किती वेळ रेंगाळतो याचं गणित वॉलेस सबाइन यांनी बसवलं. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या नव्या फॉग संग्रहालयाचं व्याख्यानगृह इतकं घुमत होतं की वक्त्याचं बोलणं समजेना. सबाइन रात्री शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या गाद्या तिथे आणून मांडत आणि आवाज किती लवकर विरतो ते मोजत. आवाज गिळण्याचं माप म्हणून त्यांनी उघडी खिडकी धरली. खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणजे तो पूर्ण गिळला गेला.

त्यांचं सूत्र फुटांत मांडलं तर असं होतं: खोलीचं घनफळ घ्या, वीसनं भागा, मग खोलीतल्या सगळ्या गिळणाऱ्या क्षेत्रफळानं भागा. उत्तर सेकंदांत येतं. वीस बाय पंधराचा, दहा फूट उंच हॉल म्हणजे ३,००० घनफूट. वीसनं भागून १५०. रिकाम्या हॉलच्या टाईल, भिंती आणि छत मिळून जेमतेम ४० चौरस फूट उघड्या खिडकीइतकं गिळतात. म्हणजे आवाज पावणेचार सेकंद घुमत राहतो. आता जाड कापडाचा जमिनीपर्यंतचा पडदा लावा, सतरंजी आणि गादी-लोड घाला, आणि व्हरांड्याकडे आठ फूट रुंद, सात फूट उंच दार उघडा. पडद्याचे साधारण ३०, बैठकीचे ३५, दाराचे ५६ चौरस फूट वाढतात. एकूण १६० च्या पुढे. घुमण्याचा वेळ एका सेकंदाखाली येतो. पाहुण्यांचे कपडेही थोडा आवाज गिळतात, पण बोलणारी तोंडंही तेवढीच वाढलेली असतात.

ओसरीची एक अख्खी बाजू चौकाकडे उघडी असायची. सबाइन यांच्या हिशेबात ती शंभर-दीडशे चौरस फुटांची खिडकी होते. पन्नास माणसांच्या जागरणातही शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं ते यामुळे. म्हणून बंगल्यात हॉल आणि व्हरांडा यांच्यामध्ये सरकती किंवा दुमडणारी रुंद दारं घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो. सजावटीचा पैसा एकाच गोष्टीवर घालायचा झाला तर तो इथे घालावा.

मिरचीची फोडणी आणि हवेची वाट

नंदुरबार ही लाल मिरचीची पेठ. हंगामात शहराभोवतीच्या पथारींवर मिरच्या वाळत पडलेल्या दिसतात, आणि घराघरांतल्या शेवभाजीला, वांग्याच्या भाजीला तोच तिखटपणा. मिरचीतलं कॅप्सेसिन गरम तेलाच्या सूक्ष्म थेंबांबरोबर हवेत जातं, नाका-घशातल्या वेदनेच्या मज्जातंतूंना चेतवतं आणि ठसका लागतो. शहरी मासिकांत पाहून केलेलं उघडं किचन इथे म्हणूनच त्रासाचं ठरतं.

भिंत घालून कोंडून टाकणं हा एकच उपाय नाही. हवा जिथे दाब कमी तिकडे वाहते. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट पंख्यानं तिथली हवा बाहेर फेकली की तिथला दाब किंचित उतरतो आणि जागा भरायला दुसरीकडून हवा येते. कुठून येते हे आपण ठरवायचं. पंख्याशेजारचीच खिडकी उघडी असेल तर हवा त्या खिडकीतून आत येऊन लगेच पंख्यातून बाहेर जाते, आणि शेगडीवरचा धूर जागच्या जागी राहतो. म्हणून फोडणीच्या वेळी ती खिडकी बंद आणि हॉलच्या बाजूची दारं उघडी ठेवावीत. हवा हॉलकडून स्वयंपाकघराकडे वाहते, ठसका उलटा येत नाही. छताचा पंखा त्या वेळी जोरात नको. तो सगळं ढवळून काढतो.

पन्नास जणांचा स्वयंपाक मात्र आत करूच नये. पूर्वी तो परसात व्हायचा. मांडे भाजायचं पालथं खापर आणि त्याखालची लाकडं कुठल्याच चिमणीखाली बसत नाहीत. मागच्या दाराबाहेर आठ बाय दहाची छपराची जागा, मोठी शेगडी, नळ आणि पाणी वाहून जायला उतार एवढी सोय ठेवली की घर स्वच्छ राहतं. धडगावकडच्या पावरा आदिवासींच्या घरांत बांबूच्या कुडाच्या भिंतींमधून धूर आणि वारा दोन्ही झिरपतात. आपल्या विटा-सिमेंटच्या भिंतींना तशी वाट मुद्दाम करून द्यावी लागते.

उकाड्याचं कारण निम्मं पाहुण्यांत आणि निम्मं छतात आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॉट उष्णता बाहेर पडते. वीस माणसं म्हणजे २,००० वॉट. दीड टनाच्या एसीच्या ताकदीचा जवळपास ४० टक्के वाटा यातच संपतो. दुसरीकडे नंदुरबारचा मे महिना, पारा बेचाळीसच्या वर. पाच इंचांचा स्लॅब दुपारभर तापतो आणि ती उष्णता खालच्या बाजूला पोचायला काही तास लागतात. ती पोचते संध्याकाळी, नेमकी पाहुणे यायच्या वेळी. धाब्यावरचा मातीचा थर जाड असल्यानं तिथे हाच प्रवास रात्री उशिरापर्यंत लांबतो. गच्चीला उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात दिला तर ऊन बरंचसं परत फिरतं. खर्च अगदी थोडा. गरम हवा वर चढते, तेव्हा छताखाली झरोके हवेत. पीओपीनं छत नऊ फुटांवर आणून झरोके बुजवले की तीच हवा पाहुण्यांच्या डोक्याशी येऊन थांबते.

दहा हातांचं स्वयंपाकघर

आजच्या मॉड्युलर किचनचं मूळ १९२६ मध्ये आहे. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी ते आखलं, १.९ बाय ३.४ मीटरचं. एका बाईनं कमीत कमी पावलांत काम उरकावं, हा हेतू. तो त्यांनी उत्तम साधला, आणि तशी हजारो स्वयंपाकघरं बांधली गेली. पण आपल्याकडे सणाला एक बाई काम करत नसते. एक पुरण वाटते, दोघी लाटतात, एक भाजते, एक पानं वाढायला घेते, आणि आत्याबाई खाली बसून भोपळा चिरत असतात. त्यामुळे ओट्यांमधे चार फूट आणि एका कोपऱ्यात सहा बाय चारची मोकळी जमीन, एवढं हवंच.

दारं दोन हवीत. एकच दार असेल तर भरलेली पातेली बाहेर येतात आणि उष्टी ताटं आत जातात, तिथेच धक्काबुक्की होते. एका दारानं वाढायला जायचं, दुसऱ्यानं मागच्या मोरीकडे. हात धुवायचं बेसिन पंगतीच्या टोकाला, स्वयंपाकघराच्या वाटेत नाही. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये ओट्याच्या उंचीवर चार फुटांची सरकत्या काचेची खिडकी ठेवा. फोडणीला बंद, एरवी उघडी. काम करणारी बाई त्या खिडकीतून बोलण्यात सामील होते. पाहुणे येणं घरातल्या प्रत्येकाला आवडावं असं वाटत असेल तर ही खिडकी कुठल्याही झुंबराहून मोलाची आहे.

चपलांचा विचार नकाशात कुणी करत नाही. दोन पायऱ्यांचा, छपराखालचा ओटा दाराबाहेर ठेवला तर माणूस टेकून चप्पल काढतो आणि उंबरठा मोकळा राहतो.

देखणेपण आणि स्लॅबच्या आधीची कामं

घर देखणं दिसायला जागा रिकामी सोडण्याचं धैर्य लागतं. एक भिंत चांगली करा. सागाची जुनी चौकट किंवा कोरलेला खांब मिळाला तर तिथे लावा, आणि बाकीच्या तीन भिंतींना हात लावू नका. दिवे २,७०० ते ३,००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर घ्या. ६,५०० केल्विनचा निळसर पांढरा उजेड अभ्यासाला ठीक, गप्पांना नाही. स्वस्त एलईडीच्या उजेडात लाल रंगाचा वाटा कमी असतो, त्यात माणसांचे चेहरे आणि ताटातलं जेवण दोन्ही फिके दिसतात. रंगदर्शनाचा आकडा (सीआरआय) ९० किंवा त्याहून जास्त लिहिलेले दिवे मागून घ्यावेत. छताच्या मधोमध एकच मोठा पॅनल लावला तर डोळ्यांखाली सावल्या पडतात, त्यापेक्षा भिंतींवर बेताच्या उंचीला चार-पाच दिवे बरे.

यातलं बरंचसं नंतरही करता येतं. झोपाळा मात्र नंतर सुचून चालत नाही. झोपाळ्यावर तीन मोठी माणसं बसली की दोनशे किलो होतात, आणि तीस अंशांचा झोका घेऊन पाट खाली येतो त्या क्षणी कड्यांवरचा ताण सव्वापट होतो, तोही दर दीडेक सेकंदानं. ड्रिलनं भोक पाडून बसवलेला बोल्ट असल्या हेलकाव्यांनी सैल पडू शकतो. कडी तुळईच्या मुख्य सळयांत अडकवून काँक्रीटमध्ये गाडावी लागते. दोन कड्यांमधलं अंतर पाटाच्या लांबीएवढं, मागे-पुढे पूर्ण झोका मावेल एवढी जागा मोकळी, आणि झोक्याची दिशा येण्या-जाण्याच्या वाटेला आडवी नको. त्यामुळे सळई बांधणारा मिस्त्री कामावर असेल त्याच दिवशी हॉलच्या सेंट्रिंगवर खडूनं दोन खुणा करून त्याला दाखवून द्या.